काळजीचा पहारा

कुंदाने बाथरूममध्ये धरायला स्टीलचे दांडे बसवून घेतले, तेव्हा प्लंबरने विचारलं, "मावशी, घरात कोणी आजारी आहे काय?"

"आजारी कशाला? लेक येतेय, बाळंतपणाला."

"मग एवढे दांडे?"

"एकाला हात पोचला नाही तर दुसरा. दुसरा हातातून निसटला तर तिसरा."

प्लंबरने कुंदाच्या नवऱ्याकडे, गुरुदत्तकडे पाहिलं. गुरुदत्तने पेपर तोंडासमोर आणखी वर धरला. बायकोची काळजी एकदा सुटली की मध्ये हात घालायचा नाही, हे तो लग्नानंतर लवकरच शिकला होता.

बदलापूरला मांजर्लीतल्या त्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये गेला महिनाभर हेच चाललं होतं. टीपॉयच्या कोपऱ्यांना फोम चिकटवला. पायपुसणी घसरतात म्हणून काढली, मग कोणी ओले पाय घेऊन फरशीवर येईल म्हणून परत टाकली, मग त्यांना खालून रबर शिवलं. लेकीच्या, राजसीच्या खोलीतला छताचा पंखा उतरवला, कारण कुठल्याशा घरात पंखा पडल्याची बातमी कुंदाने वाचली होती. टेबलफॅन आणला. त्याची वायर पायात येईल हे लक्षात आल्यावर तोही माळ्यावर गेला.

"आता नातवंडाला वारा कोण घालणार, मी?" गुरुदत्तने विचारलं.

"बघू," कुंदा म्हणाली. म्हणजे तीही शक्यता तिने विचारात घेतली होती.

ऐकणाऱ्याला हसू येई. कुंदाला येत नसे. टाकीत पाणी नसताना मोटर चालू राहावी, तशी तिच्या छातीत दिवसभर घरघर असायची. आणि ती बंद करायची तिला भीती वाटे. कारण तिचा एक पक्का समज होता: ज्याची आपण काळजी करतो ते होत नाही, ज्याची करत नाही ते होतं. पुरावा घरातच होता. ज्या पावसाळ्यात नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं, तेव्हा कुंदा संगमेश्वरला भाचीच्या बारशाला गेली होती. चार लोकांत हसली, खरवस खाल्ला, आणि आयुष्यात एकदाच अशी निवांत झोपली. सकाळी फोन आला. उल्हास नदी कपाटातल्या पैठणीपर्यंत आली होती.

"बाई गावाला गेल्यात, आता जा आत, असं नदीला कोणी कळवलं म्हणे?" गुरुदत्त तेव्हा म्हणाला होता. कुंदाला तो विनोद वाटलाच नाही. तिने पहारा सोडला होता आणि व्हायचं ते झालं होतं. त्यानंतर तिने तो कधी सोडला नाही. नवरा, लेक, जावई अनीश, गॅसची शेगडी, नदी, सगळ्यांवर तिची पाळत असे.

आता लेकीला सातवा महिना लागला होता.

राजसीचं डोहाळजेवण अंबरनाथला, तिच्या सासरी झालं. सातव्यात ओटी भरली की आईने लेकीला माहेरी न्यायचं, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत. कुंदाने येतानाच रिक्षा थांबवून ठेवली होती आणि रस्त्यात कुठे कुठे स्पीडब्रेकर आहेत तेही रिक्षावाल्याला सांगून ठेवलं होतं.

फुलांचे दागिने घातलेली राजसी गोड दिसत होती. बायकांनी झाकलेल्या दोन वाट्या पुढे केल्या, तिने एक उघडली, पेढा निघाला, सगळ्या ओरडल्या. राजसीच्या सासूबाई, माधवीताई, कोपऱ्यात बसून कौतुकाने बघत होत्या. बाई स्वभावाने इतकी शांत की कुंदाला त्यांच्याजवळ बसलं की जास्तच अस्वस्थ व्हायचं. "होईल हो सगळं," हे त्यांचं एकच वाक्य. होईल, पण कसं होईल, कोण करेल, हे नको का सांगायला?

पाहुण्या पांगल्यावर राजसीने आईला आतल्या खोलीत बोलावलं. मनगटातला मोगऱ्याचा गजरा सोडत म्हणाली, "आई, बस जरा. मी नाही येत."

"बरं, उद्या येऊ न्यायला. आज दगदग झालीच आहे तशी."

"उद्या पण नाही. बाळंतपण इथेच करायचं ठरवलंय मी."

कुंदाने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माधवीताई काही बोलल्या?"

"त्या तर म्हणतात, जा. अनीश पण म्हणतो, जा. मीच नाही म्हणतेय."

"अगं, पण का? मी तुझ्यासाठी घर केवढं..."

"तेच ना." राजसी पलंगावर तिच्या शेजारी बसली. "माझं बीपी माहीत आहे ना तुला? कधी बरोबर येतं, कधी एकदम वर. डॉक्टरबाईंनी विचारलं, ज्या दिवशी वाढतं त्या दिवशी वेगळं काय असतं? मी म्हटलं, काहीच नाही. घरी आल्यावर लक्षात आलं. त्या दिवशी तू बरोबर असतेस."

कुंदाने सोडलेला गजरा उचलून बोटांभोवती गुंडाळायला घेतला.

"आणि त्या दुपारचं काय झालं? विसरलीस?"

कुंदा विसरली नव्हती. दुपारी फोन केला, राजसीने उचलला नाही. परत केला, नाही उचलला. म्हणजे बाथरूममध्ये असेल. बाथरूममध्ये असेल म्हणजे फरशी ओली. फरशी ओली म्हणजे पाय घसरला. घसरली म्हणजे पोटावर पडली, आणि घरात कोणी नाही. फोनची तिसरी रिंग संपायच्या आत कुंदाच्या डोळ्यांपुढे सगळं होऊन गेलं होतं. तिने वॉचमनला फोन लावला, शेजारणीला लावला. सगळ्यांनी मिळून दारावर अशा थापा मारल्या की फोन सायलेंटवर टाकून झोपलेली राजसी किंचाळून उठली. तिचं पोट दगडासारखं घट्ट झालं. ते सैल व्हायला बराच वेळ लागला.

"मला तुझी काळजी वाटते गं," कुंदा म्हणाली.

"माहीत आहे. पण मग मला तुझी काळजी करावी लागते. कंबर दुखली की मी आधी विचार करते, आईला हे कळू कसं द्यायचं नाही. पाय सुजले की व्हिडिओ कॉलवर पाय दाखवत नाही. हसत बोलायचं, आवाज नीट ठेवायचा..." राजसीचा आवाज आता नीट राहिला नव्हता. "माझ्या पोटात आता तेवढी जागा नाही, आई."

कुंदा एकटीच रिक्षात बसली. रिक्षावाल्याने सांगितल्याप्रमाणे सगळे स्पीडब्रेकर अगदी हळू घेतले.

वरच्या मजल्यावरची कीर्ती मानसशास्त्राचा कसला तरी ऑनलाइन कोर्स करत होती. कुंदाचा उतरलेला चेहरा बघून ती म्हणाली, "काकू, विचारांची दिशा बदला. निगेटिव्ह विचार आला की लगेच म्हणायचं, सगळं चांगलंच होणार आहे."

कुंदाने मनापासून सुरुवात केली. कणीक मळताना म्हटलं, केस विंचरताना म्हटलं. मग शंका आली की पुरेसं म्हटलं गेलं का? मध्येच शिंक आली तर ते धरायचं की परत म्हणायचं? रविवारी पाहुणे आले, दिवसभर म्हणायचं राहून गेलं, आणि संध्याकाळी तिला घाम फुटला. आता काही झालं तर आपणच म्हटलं नाही म्हणून होईल.

"कीर्ते," ती जिन्यात म्हणाली, "तुझ्या औषधाने आजार वाढला गं. आधी नुसती काळजी होती. आता काळजी बरोबर करतेय की नाही, ही पण काळजी."

कीर्ती हसायला लागली, मग कुंदाचा चेहरा बघून थांबली. "तुमच्या मनात आधी काय येतं, काकू? एकदम पहिलं?"

"पहिलं असं नसतंच. पहिलं कळायच्या आत शेवटचं येतं."

कुंदा उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात चेकर होती. शिवून आलेली पँट टेबलावर पसरायची, उलटी करायची, सुलटी करायची. टाका सुटलाय का, चेन अडकते का, कुठे तेलाचा डाग आहे का, बघायचं. खोट सापडली की तिथे लाल बाणाचं स्टिकर लावायचं आणि पँट अल्टरच्या, म्हणजे दुरुस्तीच्या ढिगात टाकायची. नसेल तर पासच्या ढिगात. कुंदाची नजर तेज. सिंधी मालक हरेशभाई पूर्वी बाहेरच्या व्यापाऱ्यांना तिच्याकडे बोट दाखवून सांगायचे, "हमारी कुंदाताई ने पास किया, मतलब भगवान ने पास किया."

त्या आठवड्यात हरेशभाई टेबलापाशी येऊन उभे राहिले तेव्हा देवाचं नाव घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते. कुंदाच्या डावीकडे अल्टरचा डोंगर होता. उजवीकडे पासचा ढीग लहान मुलाच्या कपड्यांसारखा.

"ताई, ये क्या है? कारीगर लोग बोंब मारतायत. ये पीस में क्या खराबी है?"

कुंदाने पँट उलटी केली. "इथे बघा. हा टाका आत्ता ठीक आहे, पण धुतल्यावर ओढला जाईल."

"और ये?"

"बटण घट्ट आहे. पण असं रोज लावलं काढलं तर ढिलं होईल."

"साईं, रोज लावलं काढलं तर माणूस पण ढिला होतो," हरेशभाई म्हणाले आणि डोक्याला हात लावून निघून गेले.

टेबलाच्या पलीकडे बनूबाई बसायची. बदलापूरच्या गावाकडची, कुंदाहून वयाने मोठी, जिभेने तिखट. तिने अल्टरच्या ढिगातली एक पँट ओढली आणि दोघींच्या मध्ये पसरली. लाल बाणच बाण.

"कुंदे, मला एक सांग. ह्या बाणापाशी डाग दिसतो का तुला?"

"आत्ता नाही दिसत. पण शेजारी मशीन आहे, तेल उडालं तर..."

"मी इचारलं, दिसतो का."

"नाही."

"मग बाण कुणाला दावतेस? डाग दिसल तिथं बाण लावायचा. डाग पडल तिथं लावत बसलीस तर पँट दिसल का? निस्तं लाल लाल दिसतंय, बघ." बनूबाईने एकेक स्टिकर नखाने सोलायला घेतलं. "पोरगी नाय आली ना माहेरला?"

कुंदाने मान खाली घातली.

"तिला पण असेच चिकटवले असशील."

हे लागलं. दुपारचा डबा कुंदाने उघडलाच नाही. पसरलेल्या पँटकडे ती कितीतरी वेळ बघत बसली. सरळ शिलाई, नीट खिसे, चांगला माल. तिनेच तो बिघडलेला करून ठेवला होता. नजर तेज होती, यात खोटं नव्हतं. पण ही नजर जे आहे ते बघत नव्हती. जे होऊ शकेल ते बघून त्यालाच आहे म्हणत होती.

घरी जाताना तिने ठरवलं की काळजी आली की तिला हाकलायचं नाही, गोड गोड बोलून झाकायचंही नाही. पँटसारखी टेबलावर पसरायची आणि एकच विचारायचं, दिसतंय का? दिसत असेल तर हात लावायचा. नाही तर तशीच सोडायची.

सांगायला सोपं आहे. पहिल्याच संध्याकाळी राजसीला फोन करायला हात गेला. काय दिसतंय? काही नाही, दुपारीच बोलणं झालंय. फोन खाली ठेवला. छातीतली मोटर सुरूच. कुंदा उठली, भांडी घासली, घासलेली परत घासली. गुरुदत्तने विचारलं, "काय झालं?"

"काही झालेलं नाही."

"मग अशी का करतेस?"

"काही झालेलं नाही, याची सवय करतेय. अवघड आहे हो."

त्याने पेपर खाली ठेवला. हे त्याने बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं. भांडी पुसायला फडकं घेऊन तो तिच्या शेजारी उभा राहिला.

काही दिवस जमलं, काही दिवस नाही. एकदा तर तिने "चुकून लागला" म्हणून फोन केला आणि पाणी उकळून पितेस ना, हे विचारलंच. पण फोन कमी झाले. मग एका दुपारी राजसीचाच फोन बाबांना आला. "बाबा, आई बरी आहे ना? काल दिवसभर फोन नाही तिचा. काही लपवत नाही ना तुम्ही?"

गुरुदत्तने फोन कुंदाकडे दिला. "घे. तुझाच रोग तिला लागलाय."

मायलेकी दोघीही हसल्या, पण जपून. राजसी म्हणाली, "शनिवारी येते मी. दिवसभर. राहायला नाही हं, नुसती."

"ये की," कुंदा म्हणाली. कशाने येशील, कोणाबरोबर येशील, जिने कसे उतरशील, हे सगळे प्रश्न तिने तोंडात धरून ठेवले. दात आवळल्याने रात्रीपर्यंत जबडा दुखत होता.

शनिवारी अनीशने राजसीला सोडलं आणि तो ऐरोलीला ऑफिसला गेला. आल्यापासून राजसी गप्प गप्प होती. थालीपीठ केलं होतं, अर्धंच खाल्लं. कुंदाच्या मनाने लगेच घोडं दामटलं. खात नाही, म्हणजे काहीतरी झालंय. काय दिसतंय? अर्धं थालीपीठ दिसतंय. तिने ताट उचललं आणि काही विचारलं नाही.

थोड्या वेळाने राजसी बाथरूममध्ये गेली. कुंदाने ओट्यावर पोळ्या लाटायला घेतल्या. नळाचा आवाज आला, मग बंद झाला. मग काहीच नाही.

पोळी झाली. दुसरी झाली. अजून काही नाही.

कुंदाचे हात लाटण्यावर थांबले. नळ बंद झालाय, मग ही बाहेर का येत नाही? चक्कर आली असेल. आवाज न होताही माणूस पडतं, हळूच बसल्यासारखं. तिने लाटणं ठेवलं. बाथरूमच्या दारापाशी येऊन उभी राहिली आणि हात वर गेला. तळहात दाराला टेकला. थापा मारायला असाच उचलला असेल वॉचमनने.

काय दिसतंय?

दार दिसतंय. दाराखालून उजेड दिसतोय, मध्ये सावली आहे, आणि ती सावली हलली. म्हणजे उभी आहे. बाकी जे काही दिसत होतं ते दाराच्या अलीकडे, कुंदाच्या डोक्यात होतं. हात काढून घ्यायला तिला इतका जोर लागला की जणू दुसऱ्याच कोणाचा हात ओढून आणतेय. ती स्वयंपाकघरात परत आली. तव्यावरची पोळी काळी झाली होती.

राजसी बाहेर आली आणि ओट्यापाशी उभी राहिली. "आई, तू दार वाजवलं नाहीस."

"नाही."

"मला तुझे पाय दिसले दाराखाली."

"आले होते. गेले परत."

राजसीने जळलेल्या पोळीकडे पाहिलं, मग आईकडे. "आई, सकाळपासून बाळ हललेलं मला जाणवलं नाहीये."

कुंदाला वाटलं, आता आपल्या तोंडून किंकाळी निघेल. पण आता 'दिसतंय का' असं स्वतःला विचारायची गरज नव्हती. हे दिसत होतं. तिने गॅस बंद केला.

"शेवटचं कधी जाणवलं?"

"रात्री झोपताना. चांगलं हलत होतं."

"दुखतंय कुठे? अंगावर काही गेलं?"

"नाही. तेच बघत होते आत. अनीशला पण नाही सांगितलं. वाटलं, इकडे आल्यावर हलेल."

"डॉक्टरबाईंना फोन लाव. मी नाही बोलत, तूच बोल. तुला काय होतंय ते तुला माहीत."

पलीकडून डॉक्टरबाई म्हणाल्या, वाट बघू नका, लगेच या. गुरुदत्त चपला न घालताच नाक्यावर रिक्षा आणायला पळाला.

दवाखाना अंबरनाथला होता. दोघी मागे बसल्या, गुरुदत्त पुढे रिक्षावाल्याला चिकटून. कात्रप मागे पडलं आणि कुंदाच्या मनात तो जुना समज फणा काढून उभा राहिला. बघ, पहारा सोडलास. फोन कमी केलेस, दात आवळून बसलीस, शहाणी झालीस. आणि काय झालं? संगमेश्वरला असंच झालं होतं ना? आत्ता, या क्षणापासून जोरात काळजी करायला लागलं, तर अजून वेळ असेल का?

राजसी तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. लहानपणी पडली की रडायच्या आधी अशीच बघायची, आईचा चेहरा काय म्हणतोय ते.

"आई, तू घाबरलीस?"

"हो."

"मग बोलत का नाहीस काही?"

"बोलले की तुला माझी समजूत काढावी लागते. आज काढू नकोस. माझी मी बघते आज." कुंदाने तिचा हात मांडीवर घेतला. "तू फक्त तुला काय होतंय ते सांगत राहा."

राजसीने डोकं तिच्या खांद्यावर टाकलं आणि बोलायला लागली. पहाटेच जाग आली होती. डाव्या कुशीवर वळले. पाणी प्यायले, थांबले. मग भीती वाटली. मग वाटलं, सांगितलं तर सगळे घाबरतील. थोडं थोडं करत तिने सगळं सांगितलं. पाय सुजतात तेही, कंबरेचंही, आणि बाळ झाल्यावर आपल्याला जमेल की नाही ही भीतीही. कुंदा नुसती "हं" म्हणत होती. हे सगळं महिनोन् महिने असंच होतं, आणि तिचा पहारा रोज डोळ्यांत तेल घालून उभा होता. लक्ष होतं फरशीवर, पंख्यावर, वायरीवर. लेकीच्या मनात काय आहे, याचा त्याला पत्ताही नव्हता. काळजीने नदी कधीच अडली नव्हती. लेकीचं तोंड मात्र अडलं होतं.

दवाखान्यात राजसीच्या पोटाला पट्टा बांधला. नर्सने बाळाचे ठोके ऐकायची, जेल लावलेली डबी इकडे ठेवली, तिकडे सरकवली. यंत्रातून नुसती खरखर. कुंदा भिंतीला पाठ टेकून उभी होती. गुरुदत्त दाराबाहेर अनवाणी. नर्सने डबी आणखी खाली सरकवली. खरखर. कुंदाला विचारावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं, नर्सच्या हातातून ती डबी घ्यावीशी वाटली. तिने साडीचा पदर मुठीत गच्च धरला.

आणि मग आवाज आला. घोडा लांबून दौडत यावा तसा, आधी बारीक, मग स्वच्छ, भरधाव. राजसी एकदम रडायला लागली.

"झोपलं होतं बेटं," नर्स म्हणाली. "आता उठलंय बघा, माझ्या हाताला लाथ मारतंय."

डॉक्टरबाईंनी यंत्राचा कागद बघितला, सोनोग्राफी केली. सगळं ठीक होतं. बीपी जरा वर होतं. "आज कोणाचंही असेल," त्या म्हणाल्या. "असं वाटलं की लाजायचं नाही, थांबायचं नाही, लगेच यायचं. सकाळीच यायला हवं होतं खरं तर. कोणाला सांगितलं नव्हतंत का?"

राजसीने आईकडे बघितलं. "आईला सांगितलं," ती म्हणाली. "मग निघालोच."

बाहेर उन्हात कुंदा दवाखान्याच्या पायरीवरच बसली. गुरुदत्तने कुठूनसा उसाचा रस आणला. ग्लास धुतलेला होता का, हे तिच्या मनात आलं. तिने ग्लास उन्हात धरून बघितला. स्वच्छ दिसत होता. मग प्यायली.

राजसी जरा लांब उभी राहून फोनवर बोलत होती. रिक्षा आली. रिक्षावाल्याने विचारलं, "कुठे?"

कुंदाने राजसीकडे पाहिलं. राजसीचं सासर इथून दोन गल्ल्या सोडून होतं. मांजर्ली लांब.

"मांजर्लीला घ्या," राजसी म्हणाली आणि कुंदाला म्हणाली, "अनीशला सांगितलंय. संध्याकाळी बॅग घेऊन येईल."

"बॅग? किती दिवसांची?"

"झालं का सुरू तुझं?" राजसी हसली. "पण आई, दिवसातून एकदाच विचारायचं मला, कशी आहेस म्हणून. एकदाच."

"दोनदा."

"एकदा. आणि त्या खोलीत पंखा लाव आधी. उकडून मरेन मी."

"लावते गं बाई."

रिक्षा निघाली. पुढे रस्ता खणलेला होता. "हळू घ्या हो जरा," कुंदाच्या तोंडून गेलंच. मग तिने जीभ चावली. "नाही, घ्या तुमच्या हिशोबाने."

"मावशी, नक्की काय करू? ठरवा एकदा," रिक्षावाला आरशात बघून म्हणाला.

"पोटात बाळ आहे, आणि पुढे खड्डा दिसतोय," राजसी म्हणाली. "हळूच घ्या."